तरफेच्या तारा

चौतीस वर्षं मी लोकांना एकटं ठेवलं.
मिरजेच्या मिशन दवाखान्यात, मागच्या वॉर्डात,
काचेच्या अलीकडून बोटं दाखवून सांगायची:
अजून सहा दिवस. अजून चार.
ते मान हलवायचे.
मला वाटायचं, समजलं त्यांना.

आता माझ्या खोलीला बाहेरून कडी नाही,
तरी मी आत आहे.
सून ताट उंबऱ्यावर ठेवते, दोन पावलं मागे सरते,
आणि मग हाक मारते.

रविवारी साडेनऊला फोन उशीला टेकवते.
डांबराच्या गोळ्यांचा वास असलेली पांढरी साडी नेसून
पलंगावर ताठ बसते, पाय खाली सोडून.
पाळकसाहेबांचा चेहरा मध्येच थिजतो,
ओठ उघडे, आशीर्वाद अर्धा.
गीताच्या वेळी सांगतात, सगळ्यांनी आवाज बंद ठेवा,
नाहीतर गोंधळ होतो.
म्हणून मी एकटी गाते,
आणि पहिल्यांदाच मला माझा आवाज ऐकू येतो.
इतकी वर्षं तो अबशालोमकाकांच्या आवाजाखाली झाकलेला होता.
ते कायम अर्धी ओळ मागे.
आम्ही बायका एकमेकींकडे बघून
पदरात हसायचो.

प्रभुभोजन ज्याचं त्याने घरी घ्या, म्हणाले.
मी चपातीचा तुकडा घेतला,
मनुका भिजवून पिळल्या.
एरवी एस्तेर वायदंडे तासगावहून द्राक्षं आणायची.
तिच्या हातचा रस जरा आंबटच,
चाळीस प्याल्यांत मोजून ओतायचा.
मग ते प्याले आम्ही दोघी मागच्या नळावर धुवायचो.
कुणाचं सुनेशी पटत नाही, कुणाचा मुलगा आखातातून फोन करत नाही,
खरी प्रार्थना तिथे व्हायची,
राखेने हात भरलेले असताना.

एक प्याला धुवायला कितीसा वेळ लागतो?
विसळला, पालथा घातला,
हात पुसून उभी राहिले.

देवाशी भांडले नाही.
दार लावून घे आणि मग माग, हे त्याचंच सांगणं,
मी जन्मभर मानलं.
पण दोघे किंवा तिघे, हा हिशेबही त्याचाच.
एकाकडे येणार नाही, असं तो कुठे म्हणाला?
मी खूप आठवून पाहिलं. नाही म्हणाला.
फक्त थोमाचं मनातून जात नाही.
नेमका त्या रविवारी गैरहजर राहिलेला माणूस.
त्याच्या घरी जाऊन भेटता आलं असतं.
आठ दिवस थांबवलं त्याला,
आणि जखमा दाखवल्या
त्या सगळ्यांसोबत असताना.

एस्तेर बुधवारी गेली.
माझ्याच वॉर्डात, काचेच्या पलीकडे.
मातीला चार माणसं, तीही दवाखान्याची.
तिच्यासाठी कुणी गायलं का, विचारायला मी फोन केले.
गायलो ना, म्हणाले सगळे,
मनातल्या मनात.

भिंतीपलीकडे मुनीरचाचा सतारी करतात.
गिऱ्हाईक नाही, तरी दुपारी एक वाद्य लावत बसतात.
खिडकीतूनच मी विचारलं,
खालच्या त्या बारीक तारा कशाला?
त्यांना तर कुणी बोट लावत नाही.
लावायचंच नसतं, सिस्टर, ते म्हणाले.
वरची वाजली की त्या आपसूक बोलतात.
तरफ म्हणतात त्यांना.
एका लाकडावर मात्र असाव्या लागतात.
आणि पुन्हा घोडी घासू लागले.

पंधराव्या दिवशी बाहेर पडले.
चर्चच्या दाराला कुलूप, वर नगरपालिकेचा कागद.
पायरीवर अबशालोमकाका,
मास्क नाकाखाली घसरलेला.
सलाम, सिस्टरबाई.
सलाम.
नियमाप्रमाणे मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले.
एस्तेर मावेल एवढी.

गीत मीच सुरू केलं, हळू.
ओळ संपली तेव्हा ते अजून मधल्या शब्दावर होते.
मी थांबले,
ते पोचेपर्यंत.